आतलं पान

आयुष्यात माझा घसा सगळ्यात जास्त कशावर बसला असेल, तर ‘इथे क्लिक करा’ एवढं एक वाक्य समजावून सांगण्यावर. साल नव्व्याण्णव. जळगावच्या एका कॉलेजात पत्रकारितेचा डिप्लोमा चालायचा आणि त्या पोरांना वेबसाइट कशी बनवतात ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी मूळची धुळ्याची. तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायचे, शनिवारी एसटीने घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. ‘यंदा तुमची कायमची ऑर्डर काढतो’ असं संस्था दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी मी वेड्यासारखी खूश व्हायचे.

पोरं म्हणते खरी, पण त्यातले निम्मे माझ्याच वयाचे बाप्ये होते. सगळे कुठल्या ना कुठल्या पेपरचे तालुका वार्ताहर. दिवसभर बातम्या गोळा करायच्या, संध्याकाळी वर्गात यायचं. एरंडोलचा छगन त्यांचा पुढारी. खिशाला दोन पेनं, खांद्याला शबनम आणि ‘मी म्हणजे प्रेस’ असा चेहरा. त्याच्या शेजारी अमळनेरचा सुपडू, छगन म्हणेल त्याला मान हलवणारा.

मी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं, ही जाड अक्षर सुरू करायची खूण, ही जाड अक्षर बंद करायची खूण. छगनने सुरू करायची खूण टाकली, बंद करायची टाकलीच नाही. त्याचं अख्खं पान वरपासून खालपर्यंत जाड.

“छगन, ती खूण बंद कर.”

“कशाला मॅडम?”

“कशाला म्हणजे? सगळंच जाड झालंय!”

“बातमीच महत्त्वाची आहे मॅडम. बारीक कशाला करायची?”

सुपडूची तऱ्हा निराळी. त्याने दोन पानं बनवली, छान बनवली. पहिल्याच्या शेवटी त्याने टाइप केलं, ‘उर्वरित मजकूर पान २ वर’. मी म्हटलं, अरे बाबा, त्या शब्दांना दुसऱ्या पानाचा पत्ता जोड, म्हणजे माणूस तिथे क्लिक करेल आणि दुसरं पान उघडेल. तो म्हणाला, “हो मॅडम, पण वाचणाऱ्याला कळेलच ना, पुढचं पान २ वर आहे. तो पान उलटेल.”

“काय उलटेल? कॉम्प्युटर?”

त्याने छगनकडे पाहिलं. छगनने मान हलवली, मग त्यानेही हलवली. मी खडू ठेवला आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

पण हे सगळं चालून गेलं असतं. माझं खरं डोकं उठवलं ते पहिल्या पानाने. मी समजावून सांगितलं की वेबसाइटचं पहिलं पान म्हणजे एसटी स्टँडवरचा गाड्यांचा बोर्ड. कुठली गाडी कुठे लागते एवढंच तिथे लिहायचं. बातमी आतल्या पानावर ठेवायची, पहिल्या पानावर तिचं फक्त नाव.

“म्हणजे आमच्या बातम्या आत?” छगन म्हणाला. ‘आत’ तो असा म्हणाला की जणू मी त्याला जेलमध्ये टाकायला निघाले होते.

आता यात त्याची चूक नव्हती, हे मला आज कळतं आणि तेव्हाही कळत होतं, पण म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे. या लोकांची सगळी अब्रूच पहिल्या पानावर होती. सभापतींचा सत्कार आतल्या पानावर गेला की छगनला पंचायत समितीत महिनाभर कुणी चहा विचारायचं नाही. सुपडूच्या मामांच्या निधनाची बातमी आत गेली, तर मामी तेराव्याला त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आत म्हणजे किरकोळ. आत म्हणजे ज्याची कुणाला पडलेली नाही ते. मी कितीही सांगितलं की वेबसाइटला आत-बाहेर असं काही नसतं, सगळं एकाच क्लिकवर असतं, तरी उत्तर तयार.

“नसतं ना मॅडम? मग सगळं बाहेरच ठेवू.”

आणि ठेवलं हो! सत्कार, उद्घाटन, निवड, अभिनंदन, आरोग्य शिबिर, पुन्हा सत्कार. पहिलं पान खाली-खाली-खाली जातंय, संपायचं नाव नाही. कुणाची बातमी वर आणि कुणाची खाली यावरून भांडणं. एकदा मी वर्गात शिरले तर छगन मॉनिटरवर पट्टी लावून सुपडूची बातमी मोजत होता. मला तर रडू यायचं बाकी होतं.

या सगळ्या तमाशात एक दिवस तोताराम नाना वर्गात आले. नाना म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. केळीच्या धंद्यात मोठे झालेले, पांढरीशुभ्र सफारी, आवाज गोड. वर्ग ताडकन उभा राहिला.

“बसा, बसा,” नाना म्हणाले. “मॅडम, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी वेबसाइट झाली पाहिजे. आपले डॉक्टर हिलाल बोरसे अमेरिकेहून नवे कॉम्प्युटर पाठवतायत. त्यांना तिथे बसल्या बसल्या आपली संस्था दिसली पाहिजे. आणि तुमच्यासाठी पण आनंदाची बातमी आहे. कॉम्प्युटर ठेवायला आपण संगणक भवन करतोय. मुलींच्या हॉस्टेलची बिल्डिंग घेतोय. त्यांना सांगितलंय, दिवाळीला घरी जाताना सामान घेऊनच जा, पुढची सोय आपापली बघा.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा हसले. खोटं कशाला बोलू, संगणक भवन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पंखे, नवी टेबलं आणि माझी कायमची ऑर्डर असं सगळं एकदम येऊन गेलं. मग माझं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. तिथे प्रमिला देवरे बसली होती. तिने टाळी वाजवली नव्हती.

वर्गातली ती एकटी मुलगी. शिंदखेड्याच्या पुढे तिचं गाव. तिथून रोज जळगावला येणं-जाणं शक्यच नव्हतं, आणि बापाने शिकायला धाडलं ते हॉस्टेल आहे या एकाच अटीवर. भाड्याच्या खोलीत एकटी पोरगी ठेवायला तो सात जन्मांत तयार झाला नसता. हॉस्टेलमधल्या बाकीच्या मुलींचंही तेच. कुणी अकरावीत होती, कुणी बी.ए. करत होती, कुणी डी.एड. ती बिल्डिंग डॉक्टर बोरशांनीच आईच्या नावाने बांधून दिली होती. दारावर मोठी पाटी, ‘झुंबरबाई बोरसे कन्या वसतिगृह’. मुलगा कॉम्प्युटर पाठवतोय आणि त्याच्याच आईच्या घरातून पोरी बाहेर काढून ते कॉम्प्युटर आत ठेवायचे, असा नानांचा हिशेब.

वर्ग सुटल्यावर प्रमिला माझ्यामागे स्टाफरूमपर्यंत आली.

“मॅडम, हॉस्टेल बंद होतंय ही बातमी नाही का?”

“आहे ना. मग दे की पेपरला.”

“दिली. जेवढे पेपर माहीत होते त्या सगळ्यांना दिली. कुणी छापत नाही. नानांच्या जाहिराती येतात म्हणे. छगनभाऊंना म्हटलं तुम्ही तुमच्या नावाने पाठवा, तर ते म्हणाले, तुला काय करायचंय, तू परीक्षेचं बघ.” ती थांबली. तिचं शहरी मराठी जाऊन घरचं बाहेर आलं. “एकदा घर गऊ का बाप परत धाडाव नही, मॅडम.”

मी म्हटलं, बघू. ‘बघू’ म्हणजे काय हे तिला पण कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी वर्गात जागांचं वाटप चाललं होतं. छगनने मोठ्या मनाने प्रमिलाला पहिल्या पानाच्या अगदी तळाला थोडी जागा देऊ केली.

“नको छगनभाऊ,” ती म्हणाली. “मी आतलं पान घेते.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सुपडू तर म्हणाला, “अगं, आत कोण बघतं? तळाला का होईना, बाहेर तर राहशील.” तिने नाही म्हटलं. मला इतका आनंद झाला! एका तरी माणसाला लिंक म्हणजे काय ते कळलं. मी तिचं वर्गात कौतुक केलं. कौतुक करताना मला ठाऊक नव्हतं की ती आत काय ठेवणार आहे.

इथे एक तांत्रिक भानगड सांगायला हवी. आमच्या मशीनवर मराठी फॉन्ट होता, पण अमेरिकेतल्या मशीनवर तो असणार नव्हता. तिथे आमची मराठी म्हणजे नुसता किड्यामुंग्यांचा खेळ दिसला असता. म्हणून प्रत्येक बातमी कागदावर छापायची, कागद स्कॅन करायचा आणि त्याचं चित्र पानावर टाकायचं. चित्रं हलकी ठेवा, काळी-पांढरी ठेवा, जड चित्र टेलिफोनच्या तारेतून यायला युग लागतं, हे मी ओरडून ओरडून सांगितलं. कोण ऐकतो! पोरांनी साधा टाइप केलेला मजकूरसुद्धा रंगीत स्कॅन केला, ‘उठाव येतो मॅडम’. आणि सगळ्यांच्या वर नानांचा फोटो, घरी हार घालायला लावतात तेवढा.

प्रमिलाने एकच चित्र दिलं. टाइपसुद्धा केलं नव्हतं. पांढऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात हाताने लिहिलं होतं, काळी-पांढरी स्कॅन, वजनाला काहीच नाही. अगदी शिकवल्याप्रमाणे. मी खुशीत वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला खुर्चीतून उठले.

‘झुंबरबाई बोरसे कन्या वसतिगृहातील मुलींना दिवाळीनंतर परत येऊ नका असे सांगण्यात आले आहे. ही इमारत मुलींसाठी देणगी म्हणून मिळाली होती. आता तेथे कॉम्प्युटर ठेवले जाणार आहेत. मुलींची पुढची सोय पालकांनी बघावी, असे संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितले.’ खाली प्रत्येक मुलीचं नाव, गाव आणि ती आता काय करणार ते. सुनंदा कापूस वेचायला जाणार. बेबीचं लग्न ठरवलं आहे, ती अकरावीत आहे. अशा ओळी. एक विशेषण नाही, कुणाला शिवी नाही. पूर्ण टर्ममध्ये माझ्यापुढे आलेली ही एकच बातमी अशी होती की जिच्यात कुणाचा सत्कार नव्हता.

मी तिला बाहेर व्हरांड्यात ओढलं.

“वेडी आहेस का तू? नाना बघतील!”

“नाना आत येणार नाहीत मॅडम. इथलं कुणीच आत येत नाही.”

“मग लिहिलंस कशाला? उघडणार कोण?”

“डॉक्टर.”

“ते तरी कशाला उघडतील? एवढं मोठं पहिलं पान, फोटोबिटो, त्यात तळाला तुझी एवढीशी लिंक. अगं, माणूस अर्ध्यातच झोपी जाईल!”

“तुम्हीच म्हणता ना, वेबसाइटला आत-बाहेर नसतं.”

“ते मी म्हणते!” मी ओरडलेच. “इथे माझं ऐकतंय कोण? आणि समजा उघडलं, तर? तुझा डिप्लोमा जाईल, माझी नोकरी जाईल. संगणक भवनाचं तर सोडूनच दे.”

डोळ्यांत पाणी-बिणी काही नाही. नुसती उभी. मला तिचा इतका राग आला. माझ्या वर्गात पहिल्यांदा एका विद्यार्थ्याने सगळं बरोबर केलं, आणि ते नेमकं हे असं! मी तिला म्हटलं, जा आता, मला काम आहे.

वेबसाइट इंटरनेटवर चढवण्याचं काम माझ्याकडेच होतं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये टेलिफोनची लाइन होती, तिथे मशीन नेऊन दुपारी बसले. एक एक चित्र चढायला इतका वेळ की प्राचार्य कंटाळून घरी गेले. प्रमिलाचं चित्र यादीत शेवटी होतं. ते काढून टाकायला एक बटण पुरलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. मी त्या बटणावर बोट ठेवलंही. मग मला त्या बेबीची ओळ आठवली, आणि चिडून चिडून मी ते पान चढवलं. पहिल्या पानावर तिची लिंक इंग्रजी अक्षरांत टाकली, ‘गर्ल्स हॉस्टेल’. ती एकच ओळ खरी अक्षरं होती. बाकी सगळं चित्रं.

उद्घाटनाला मी शहाणपणा केला. इंटरनेटवरून उघडत बसले असते, तर फोटो येईस्तोवर पाहुणे घरी गेले असते. म्हणून मशीनमध्येच ठेवलेली प्रत उघडली. नारळ फुटला, मॉनिटरला कुंकू लागलं, नानांनी माउसला नमस्कार करून बटण दाबलं. पटकन नानांचा फोटो आला. टाळ्या! मग नाना खाली-खाली जात राहिले, आणि ज्याची बातमी येईल तो मागून म्हणायचा, “नाना, ही माझी.” छगनची आली तेव्हा त्याने सभापतींना पुढे ढकललं. सगळा आनंदी आनंद.

शेवटी तळ आला. निळ्या रंगात ती ओळ.

“हे काय हो?” नानांनी विचारलं. “गर्ल्स हॉस्टेल?”

प्रमिला दाराशी उभी होती, हातात पेढ्यांचं ताट.

“ते आतलं आहे नाना,” छगन म्हणाला. “किरकोळ.”

“हां हां,” नाना म्हणाले. “असू द्या आत.” आणि पेढा उचलला.

त्यानंतर मी वाट बघत बसले. नाना सांगत होते, डॉक्टरांना पत्ता कळवलाय, बघतीलच. मी मनात म्हणायचे, काय डोंबल बघणार! त्या गठ्ठ्यातून तो माणूस तळापर्यंत जाईल कसा? रोज वर्गात छगनचं तोंड बघितलं की तळपायाची आग मस्तकात जायची. तुमच्या त्या सत्कारांखाली पोरींची बातमी गाडली गेलीय रे, असं ओरडावंसं वाटायचं आणि ओरडता यायचं नाही.

सुट्टी लागली. हॉस्टेलच्या मुली गाठोडी बांधायला लागल्या. संस्थेचे शिपाई लोखंडी खाटा बाहेर काढून व्हरांड्यात रचत होते. कुणाचा बाप न्यायला आलेला, कुणाचा भाऊ. प्रमिला तिची खाट सोडेना. शिपाई म्हणे, ताई, उठा. ती म्हणे, माझा भाऊ उद्या येतोय, आज राहू द्या. मी लांबून बघितलं आणि तशीच परत फिरले. जवळ जाऊन काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी मशीन आवरत होते. नानाही आले होते, संगणक भवनाला रंग कुठला द्यायचा ते बघायला. फोन वाजला. प्राचार्यांनी उचलला आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, “नाना, अमेरिका.”

नाना हसतमुखाने फोनकडे गेले. “बोला बोला डॉक्टरसाहेब! दिवाळीच्या शुभेच्छा! बघितली का वेबसाइट?” मग ते ऐकत राहिले. हसू गेलं. “नाही नाही... गैरसमज आहे... तात्पुरतं हो... कुठल्या पानावर म्हणता?” मग बराच वेळ नुसतं हं, हं. एकदा रुमालाने मान पुसली. शेवटी त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “तुम्हाला मागतायत. वेबसाइट केली त्या बाई.”

मी फोन घेतला. नाना माझ्यासमोर उभे, नजर माझ्यावर.

“मॅडम, राग मानू नका,” पलीकडून आवाज आला, शांत, जरा थकलेला. “पण तुमचं पहिलं पान मी अजून पाहिलेलं नाही. उघडलं, तर नुसत्या रिकाम्या चौकटी. चित्रं उतरतायत, उतरतायत, काही येईना. पानावर अक्षर म्हणून एकच ओळ दिसत होती, निळी. वाट बघून कंटाळलो आणि ती दाबली.”

वाटलं छगनला जाऊन मिठी मारावी. त्याच्या जड चित्रांनी, त्याच्या रंगीत सत्कारांनी पहिलं पान इतकं बुडवलं होतं की वर तरंगत राहिली ती फक्त प्रमिलाची ओळ!

“ते पान मात्र लगेच आलं,” डॉक्टर म्हणाले. “हाताने लिहिलेलं. किती वर्षांनी मराठी अक्षर वाचलं.” मग आवाज बदलला, बोली बदलली. “हाई अक्षर कोनं शे?”

नाना बघत होते. मी म्हटलं, “प्रमिला देवरे. शिंदखेड्याकडची. इथेच हॉस्टेलला राहते.”

“राहते ना अजून?”

“आजच्या दिवस,” मी म्हणाले.

“नानांना सांगितलंय मी. मायच्या घरात पोरी राहतील. कॉम्प्युटर कुठे ठेवायचे ते ते बघतील, नाहीतर मी पाठवत नाही.” आणि फोन ठेवला.

मग नाना म्हणाले, “दाखवा मला ते आतलं.” मी मशीन पुन्हा सुरू केलं, क्लिक केलं. नानांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मला वाटलं, संपलं, आता मला धुळ्याची गाडी धरायची, ती कायमची. पण मोठा माणूस मोठा उगाच होत नाही. नानांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

“चांगलं पान आहे,” ते म्हणाले. “याच्यावरही माझा फोटो टाका. आणि छगनला बोलवा. त्याला म्हणावं, मित्रांना पण घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर बातमी! ‘कन्या वसतिगृह सुरूच राहणार, तोताराम नाना मुलींच्या पाठीशी’. नानांचा फोटो. कॉम्प्युटर संचालकांच्या बैठकीच्या हॉलमध्ये ठेवण्याचा उदार निर्णय. खाली मान्यवरांची नावं ओळीने, त्यात वार्ताहर छगनचंही. प्रमिलाचं नाव कुठे? कुठेच नाही. मी सगळे पेपर चाळले, शेवटच्या पानापर्यंत, बाजारभावापर्यंत. आतसुद्धा नाही!

माझं डोकंच फिरलं. पेपरांचा गठ्ठा काखेत मारला आणि तरातरा हॉस्टेलवर गेले. निघायच्या थांबलेल्या मुली परत आत येत होत्या, गाठोडी सुटत होती. व्हरांड्यात प्रमिला ओढणी कमरेला खोचून एक लोखंडी खाट दाराकडे ओढत होती. बेबी दुसऱ्या टोकाला, पण तिच्याच्याने उचलली जात नव्हती.

“हे बघ!” मी म्हटलं. “बघ काय छापलंय! त्या माणसाने तुला घरी धाडायला काढली होती आणि आता तो तुझ्या पाठीशी उभा! आणि तो छगन, ज्याने एक ओळ पाठवली नाही, त्याचं नाव आहे मान्यवरांत. तुझं नाही. मी आत्ता जाते आणि एकेका संपादकाला...”

“मॅडम,” ती म्हणाली. धाप लागली होती तिला. “शिपाई जेवायला गेलेत. ते पेपर ठेवा जरा बाजूला आणि इकडून धरा. अजून बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या खाटा बाहेर आहेत.”

मी तशीच उभी राहिले. भांडायला आले होते मी! मग गठ्ठा कठड्यावर ठेवला आणि खाट उचलली. बेबीची होती. खिडकीजवळची जागा तिची, असं प्रमिला म्हणाली.